बरणीतला हंसराज

११ फेब्रुवारी २०१३

दूध संकलनाच्या या रजिस्टरची पुढची एकोणीस पानं भरली आहेत. बाकीची भरतील असं वाटत नाही, म्हणून मागच्या बाजूनं माझं स्वतःचं लिहायला घेतलं. संस्थेचा कागद घरच्या कामाला वापरला असं कुणी म्हणलं तर म्हणू दे.

अकरा वर्षं मी चकलांब्याच्या दूध संस्थेत टेस्टर आहे. सभासदानं दूध आणलं की त्यात फॅट किती ते मशीनवर काढायचं आणि नावापुढं लिहायचं. चांगल्या दिवसांत सकाळी साठ-सत्तर माणसं रांगेत असायची. पौषात गावातली जनावरं सरकारी चारा छावणीत गेली. आमच्या दोन म्हशी गेल्या, त्यांच्यामागं आमचे मालक गेले. ते आता तिकडंच पाचटाच्या खोपीत राहतात. घरी मी आणि सासू, आत्याबाई.

आज एकही कॅन आला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. 'निरंक' लिहिलं.

चेअरमन भगवानराव येऊन गेले. म्हणाले, "सत्यभामाबाई, सहा ते आठ बसत जा तरी. कुलूप दिसलं की लोक म्हनतील, संस्था मेली."

म्हणून बसते.

१४ फेब्रुवारी

रिकामं बसून डोकं फिरतं. मागच्या महिन्यात ट्रेनिंगला गेले होते तिथं लॅबवाल्या मॅडमच्या टेबलावर एक काचेची बरणी होती. झाकण बंद, आत हिरवंगार रोप. म्हणाल्या, तीन वर्षं झाली, पाणी घातलेलं नाही. आतलंच पाणी वाफ होऊन वर जातं, काचेला लागतं, परत खाली मातीत येतं. मला ते खरं वाटलं नव्हतं. पण कसं करायचं ते विचारून घेतलं होतं.

म्हाळूनं चौकातलं हॉटेल बंद केलं, तो पुण्याला चाललाय. शेवेची मोठी बरणी होती त्याची, मागितली तर म्हणाला, "न्या की काकू, आता शेव कोन खातंय." सोड्यानं धुवायला पाणी नव्हतं, राखेनं घासून पुसली. दिवसभर उन्हात ठेवली तरी तेलाचा वास पुरता गेला नाही.

१६ फेब्रुवारी

महादेवाच्या बारवेत उतरले. पाणी कधीच गेलंय, पण खालच्या चार पायऱ्यांवर ऊन पोचत नाही, तिथं दगडाच्या फटीत अजून ओल आहे. शेवाळ मिळालं. आणि हंसराज! काळ्या केसासारख्या देठाचा, नाजूक नेचा. सगळा वाळलेला, एकच गड्डा जिवंत होता. चाकूनं मुळासकट काढला तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं.

बरणीत खाली नदीतले बारके गोटे, त्यावर चुलीतला कोळसा कुटून, मग चिंचेखालची माती. हंसराज लावला, कडेनं शेवाळ थापलं. मॅडम म्हणाल्या होत्या, पाणी हात आखडून घाला. माझा हात आखडला नाही. इतक्या दिवसांत कशाला तरी पोटभर पाणी द्यावं असं वाटलं. तांब्याभर ओतलं. झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून घट्ट बसवलं.

संस्थेत टेबलावर ठेवलीय. निरंक.

१७ फेब्रुवारी

सकाळी काच आतून घामेजली होती. खरंच. थेंब धरले होते आणि एकेक खाली सरकत होता. मी दोन तास फक्त तेच बघितलं.

२३ फेब्रुवारी

शेवाळावर पांढरी बुरशी, कापूस पिंजल्यासारखी. हंसराजाची दोन पानं सडली. पाणी जास्त झालं. आमच्या गावात पाणी जास्त होऊन काही मेलं, हे कुणाला सांगावं? झाकण काढलं, सडकं कात्रीनं कापलं, कापसाच्या बोळ्यानं पाणी टिपून घेतलं. दोन दिवस उघडी ठेवणार.

३ मार्च

पाच दिवस झाले, टँकर नाही. रांजणाच्या तळाला चार बोटं पाणी. संस्थेतून घरी आले तर आत्याबाई दारातल्या दगडावर बसून लुगडं धुवायलेल्या. अख्खी बादली घेऊन. परवाच धुतलेलं लुगडं!

माझं डोकं भडकलं. म्हणलं, "रोज रोज काय धुता हो? कुठं चिखलात लोळता काय? एका लुगड्यापायी बादली घालवली. उद्या प्यायचं काय, लुगडं पिळून?"

शेजारच्या दगडाबाई भिंतीवरून बघत होत्या. आत्याबाई उठल्या. ओलं लुगडं तसंच उचलून आत गेल्या.

नंतर वाईट वाटलं. पण मी खोटं काय बोलले?

१० मार्च

बुरशी गेली. झाकण लावून दोन आठवडे होत आले. आज हंसराजाला नवं पान. आधी मुठीसारखं वळलेलं असतं, मग हळूहळू बोटं सोडवतं. मातीत पांढरे बारीक किडे दिसतात, टाचणीच्या टोकाएवढे, उड्या मारतात. सडलेलं तेच खातात वाटतं. मी ते घातलेले नाहीत, मातीतूनच आले असणार.

संस्थेत निरंक. भगवानराव म्हणाले, दूध संघाचं पत्र आलंय. काय आलंय ते सांगितलं नाही.

२४ मार्च

या खेपेचं पाणी सहा दिवस पुरलं! मागं चार दिवसांत रांजण खडखडायचा. मी आता भांडी राखेनं घासते आणि शेवटी नुसती ओल्या फडक्यानं पुसते, त्याचा फरक पडला. दगडाबाईंना सांगितलं तर त्यांना पटेना. त्यांच्याकडं पण दोनच माणसं आहेत.

आत्याबाईंचा पण त्रास कमी झालाय. लुगडं आठ-आठ दिवस धुवायला काढत नाहीत. बोललं की माणूस सुधारतं.

३१ मार्च

संस्था बंद. संघाची गाडी आली, फॅटचं मशीन, काटा, कॅन सगळं नेलं. ड्रायव्हर बरणी पण उचलायला लागला. मी म्हणलं, "ती माझी हाय." तो म्हणाला, "लिस्टीत न्हाई, घेऊन जा."

भगवानराव दारात उभे होते. त्यांच्या वडिलांनी संस्था काढलेली. कुलूप त्यांनीच लावलं. मला म्हणाले, "पाऊसकाळ झाला की परत उघडू." मी हो म्हणलं. दोघांनाही ते खरं वाटत नव्हतं.

रजिस्टर मी पदराखाली आणलं.

४ एप्रिल

बरणी माझ्या खोलीत उत्तरेच्या खिडकीत ठेवलीय. मला वाटलं आत्याबाई नावं ठेवतील. त्यांनी लांबूनच बघितलं, मग पाट घेऊन जवळ बसल्या.

"ह्याला पानी कवा घालतीस?"

"घालावं लागत न्हाई आत्याबाई. त्याचं तेच पितंय, तेच सोडतंय."

लई वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरंय. बाहीर जायचं कामच न्हाई."

मला हसू आलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्या आणि मी अशा शेजारी कधी बसलो नव्हतो.

११ एप्रिल

पाडवा. गुढीला गाठी आणली नाही. एवढीशी पुरणपोळी केली, त्यांनी अर्धी खाल्ली. म्हणाल्या, घास गळ्याखाली उतरत नाही. ताकाशिवाय कशी उतरेल? दूध संस्थेत अकरा वर्षं काढली आणि घरात ताक नाही.

त्यांनी त्यांची दोन जुनी लुगडी फाडून चिंध्यांची चळत करून ठेवलीय. विचारलं तर म्हणाल्या, "दिव्याच्या वातीला." एवढ्या वाती? म्हाताऱ्या माणसाला काहीतरी चाळा लागतो.

बरणीत गोगलगाय आहे! तांदळाच्या दाण्याएवढी. शेवाळातून आली असणार. आत्याबाईंना दाखवली तर पोरीसारख्या हसल्या. "पाठीवर घर घेऊन फिरायली बघ."

२२ एप्रिल

ऊन बेचाळीस. दुपारी बरणीला हात लावला तर काच गरम. हंसराजाची टोकं करपली. आत शिजून मरेल ते. गोणपाट ओलं करून गुंडाळलं, दिवसातनं तीनदा शिंपडते. तांब्या-दीड तांब्या जातं. पण रांजणात शिल्लक राहतंय, म्हणून चालतं.

आत्याबाई गोधडीवर झोपत नाहीत, उकडतं म्हणतात. फरशीवरच पडतात. रात्री त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवते, सकाळी तो तसाच असतो. म्हातारपणी तहान कमी होते असं ऐकलं होतं, ते खरं दिसतंय.

२ मे

मालक आले, एका दिवसापुरते. अंगाला शेणाचा आणि चाऱ्याचा वास. मी बरणी दाखवली. "चांगलंय" म्हणाले, पण लक्ष आईकडं होतं. आई बरणीजवळ पाटावर डोळे मिटून बसली होती.

"आई लई वाळली."

"ऊन हाय. आन् जेवत न्हाईत."

ते माझ्याकडं बघत राहिले, काहीतरी बोलायचं असल्यासारखं. मग म्हणाले, "तिच्यावर वरडत जाऊ नको." मला राग आला. महिन्यानं येतात आणि हे. मी म्हणलं, मार्चपासून एक शब्द बोलले नाही, विचारा त्यांनाच. ते सकाळच्या जीपनं गेले.

१३ मे

आखिती. पितरांना पाणी द्यायचा दिवस. मातीची नवी केळी, घागर आणायला जमलं नाही, जुनाच माठ धुतला. आत्याबाईंनी स्वतः भरला, काठोकाठ, सासऱ्यांच्या नावानं. हात इतका कापत होता की मी माठ खालून धरला. "त्यास्नी लई तान लागायची," म्हणाल्या. त्यांची जीभ सुकून ओठांना चिकटत होती. मी पाणी दिलं तर एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"प्या की आत्याबाई."

"पुरं. मला उठाया व्हत न्हाई."

पाण्याचा आणि उठायचा काय संबंध? हल्ली असंच तुटक बोलतात.

१७ मे

सकाळी त्यांनी मला 'अक्का' म्हणून हाक मारली. त्यांची थोरली बहीण, मरून तीस वर्षं झाली. उचकी थांबत नाही. पाय गार. दगडाबाई म्हणाल्या, ऊन लागलं, कांदा हुंगवा. कांदा हुंगवला.

बरणीत आज बघितलं नाही.

१८ मे, बीड

जीप करून आणलं. दवाखान्यात बेड मिळाला.

डॉक्टर पोरगेलासा आहे. विचारलं, "शेवटची लघवी कधी झाली?" मला ठाऊक नव्हतं. "दिवसात पाणी किती पीत होत्या?" मला ठाऊक नव्हतं. म्हणाला, "तुम्ही सोबतच राहता ना?"

पडद्याआड नर्स त्यांचं लुगडं सोडत होती. मला आत बोलावलं. चिंध्यांच्या घड्या, एकावर एक, दोरीनं कमरेला बांधलेल्या. खालची कातडी सोलवटून लाल झालेली. नर्स म्हणाली, "यांना लघवी थांबत नव्हती का? कधीपासून?"



२० मे

पहाटे साडेचारला गेल्या. किडन्या बंद पडल्या होत्या, अंगात पाणीच उरलं नव्हतं, असं डॉक्टरनं सांगितलं. शेवटचं बोलल्या ते काल संध्याकाळी. मला ओळखत होत्या का कळलं नाही. म्हणाल्या, "हातरून वलं झालं का गं? मी धुती. थोडक्या पान्यात धुती."

मी म्हणलं, कोरडं आहे आत्याबाई. कोरडंच होतं.

२१ मे

काल दुपारी गावात आणलं. मालक छावणीतून पोचले होते.

आंघोळ घालायची तर घरात पाऊण रांजण. मी रांजणाकडं चालले तेवढ्यात दगडाबाई कळशी घेऊन आल्या. मग त्यांच्या पलीकडची कडूबाई. मग भगवानरावांच्या घरून दोन घागरी. कुणी बोलावलं नव्हतं. बाया येत राहिल्या, कुणाचा तांब्या, कुणाचा डबा, दारात ठेवून बाजूला उभ्या राहायच्या. टँकर परवा आलेला, त्यातलंच पाणी. मांडव घातल्यासारखी भांडी लागली.

मी आणि दगडाबाईंनी आंघोळ घातली. पाणी डोक्यावरून ओतलं, पाठीवरून, मांड्यांवरून, जिथं सोलवटलं होतं तिथं हळू. ओतत राहिले. एक बाई म्हणाली, "पुरं आता." मी थांबले नाही. सगळी भांडी रिकामी केली. पाणी अंगणातून रस्त्यावर गेलं आणि कुणी मला काही बोललं नाही.

२७ मे

आज हे रजिस्टर मागून पुढं वाचलं. सगळं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. पाणी सहा दिवस पुरलं. तांब्या तसाच भरलेला. चिंध्या. गोधडी. 'बोललं की माणूस सुधारतं.' काचेवरचे थेंब मी मोजत होते आणि हे सगळं मी लिहीत पण होते.

तीन मार्चचं पान फाडावं वाटलं. फाडलं नाही.

त्या माझ्याशी बोलू शकल्या असत्या. मी रागावले असते का? हो, रागावले असते.

२९ मे

बरणी अजून खिडकीत आहे. गोणपाट कधीच वाळलं, तरी हंसराज मेला नाही. दोन नवी पानं आहेत. गोगलगाय दिसली नाही. मी आता बघत बसत नाही, झाडताना नजर जाते तेवढंच. दगडाबाई म्हणाल्या, किती हिरवं हाय गं. त्यांना म्हणलं, घेऊन जा. त्या नको म्हणाल्या.

२ जून

दहावा होऊन गेला. मालक दहाव्याच्या संध्याकाळीच छावणीत परतले, म्हशी शेजाऱ्याच्या भरवशावर होत्या. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर किडनी लिहिलंय, तेच त्यांनी वाचलं. मी रोज ठरवायची आणि रोज राहून जायचं. आज भाकरी बांधल्या आणि जीपनं छावणीत गेले.

माळावर नुसती जनावरं आणि पत्रे. धुळीत काही ओळखू येत नाही. मालक उसाचं वाढं तोडत होते. मी बांधाला बसले आणि सगळं सांगितलं. लुगडं, बादली, दगडाबाईंच्या देखत काय बोलले ते शब्दच्या शब्द. चिंध्या. बरणीला शिंपडलेलं पाणी पण सांगितलं. खाली मान घालून सांगत होते. कोयत्याचा आवाज मधेच थांबला.

मला वाटलं मारतील. एकोणीस वर्षांत हात उचललेला नाही, पण वाटलं.

ते म्हणाले, "मला ठाव व्हतं."

"काय?"

"दिवाळीच्या टायमाला तिला गेवराईला नेलतं, गाडीवर. डोळ्याच्या डाक्टरकडं. उतरली तर शीट वलं. भर बाजारात. रडाय लागली. मला म्हनली, रामकिसन, सत्यभामाला सांगू नको. तिला आधीच लई धुनं हाय."

"मंग कावून न्हाई सांगितलं मला?"

"आन घातलती."

"त्या दिवशी आलते तवा तरी..."

"तोंडावर आलतं," ते म्हणाले. "आईचं असलं कसं बोलावं. म्हनलं, तू बाई हायस, तुला कळलंच आसंल."

मला कळायलाच पाहिजे होतं. मला कुणी माफ केलं नाही आणि मी पण कुणाला केलं नाही. कोयता त्यांच्या हातात तसाच होता.

पाण्याची शिट्टी झाली. छावणीत जनावरांना दोन वेळा पाणी मिळतं, टाकीवरून बादल्या भरून आणायच्या. ते उठले आणि दोन बादल्या घेऊन आले. मोठी म्हैस मला बघून रेकली. तिनं ओळखलं. मी तिच्यापुढं बादली धरली. तिनं नाक बुडवलं, एका दमात तळ गाठला आणि परत मान वर करून बघायला लागली.

"आजून आनतो," मालक म्हणाले आणि टाकीकडं गेले. मी रिकामी बादली धरून उभी राहिले.